वाटपाच्या दाव्यात सहहिस्सेदार राहून गेला तर?

जमिनीच्या वाटपाच्या दाव्यात प्रत्येक सहहिस्सेदार आवश्यक पक्षकार असतो. तो नसेल तर दावा फेटाळलाही जाऊ शकतो. वगळली जाते ती बहुधा लग्न होऊन गेलेली बहीण. सातबाऱ्यावर नाव नसले तरी तिचा हिस्सा असू शकतो.

दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या आदेश १, नियम १० नुसार कोणत्याही टप्प्यावर अर्ज करून तिला जोडता येते. न्यायालय स्वतःहूनही तसा आदेश देऊ शकते. वादी म्हणून जोडायला तिची संमती लागते, प्रतिवादी म्हणून नाही. नंतर दावा दुरुस्त करून तिला समन्स काढावे लागते.

उशीर मात्र नको. मुदत कायदा, १९६३ च्या कलम २१ नुसार तिच्यापुरता दावा ती जोडली गेली त्या दिवशी दाखल झाला असे धरतात. आधीची चूक प्रामाणिक वाटली, तरच न्यायालय मागची तारीख देऊ शकते.