हायस्कूलचा उंबरठा आणि बोर्डिंगची परंपरा

आपल्या समाजाच्या शिक्षणाची चर्चा बहुतेक वेळा दोन टोकांवर होते. एका टोकाला साक्षरता आणि दुसऱ्या टोकाला पदवी. किती मुले शाळेत दाखल झाली हे आपण मोजतो, आणि किती मुले डॉक्टर-इंजिनियर झाली याचे सत्कार समारंभ करतो. या दोहोंच्या मध्ये एक जिना आहे. प्राथमिक शाळेतून हायस्कुलात चढण्याचा तो जिना. त्याच्याविषयी आपण फारसे बोलत नाही. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवणारी माणसे. याच जिन्याच्या पायरीवर मुले थबकलेली आम्हाला दरवर्षी दिसतात.

आकडे पाहिले तरी हेच दिसते. २००१ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील मुस्लिमांची साक्षरता ७८.१ टक्के होती, म्हणजे राज्याच्या ७६.९ टक्के या सरासरीहून थोडी अधिकच. म्हणून आपले मूल शाळेत येतच नाही, ही समजूत निदान महाराष्ट्रापुरती खरी नाही. मात्र २००६ साली आलेल्या सच्चर समितीच्या अहवालाने देशभरचे जे चित्र मांडले, त्यात वीस वर्षांवरील मुस्लिमांत पदवी किंवा पदविका घेतलेल्यांचे प्रमाण चार टक्क्यांहूनही कमी निघाले. मूल अक्षरे शिकते, पण पदवीपर्यंत पोहोचत नाही. या दोन आकड्यांच्या मध्ये हायस्कूल उभे आहे. म्हणूनच या उंबरठ्याचा इतिहास पाहणे गरजेचे आहे. पूर्वीच्या लोकांनी मुलांना तो कसा ओलांडायला लावला, हे कळले तर आजचा मार्ग थोडा सापडेल.

इंग्रजी अमदानीत हा उंबरठा आजच्याहून उंच होता. खेड्यातला मुलगा मराठी किंवा उर्दू चार इयत्ता शिके. पुढे इंग्रजी पहिली सुरू होई आणि मॅट्रिकपर्यंत तिची शिडी चढावी लागे. जो मराठी सातवीची व्हर्नाक्युलर फायनल देऊन थांबे, तो फार तर शाळामास्तर किंवा तलाठी होई. मोठी नोकरी, वकिली, वैद्यकी हे सारे इंग्रजी शाळेच्या पलीकडे होते, आणि ती शाळा शहरात. म्हणजे मुलाला एकाच वेळी तीन गोष्टी सोडाव्या लागत : घर, गाव आणि भाषा. हुशार मुलालाही हे जड जाई. जो आधीच मागे पडलेला, ज्याच्या घरात पूर्वी कोणी शिकलेले नाही, त्याने काय करावे?

१८८२ साली विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला गेला. मुस्लिमांच्या शिक्षणासाठी या आयोगाने स्वतंत्र शिफारसी केल्या. त्यातली एक आम्हाला विशेष महत्त्वाची वाटते. आयोगाने पायरीपायरीच्या शिष्यवृत्त्या सुचवल्या : प्राथमिक शाळेत मिळवलेली शिष्यवृत्ती माध्यमिक शाळेत चालावी, माध्यमिकमधली हायस्कुलात, आणि मॅट्रिकवर मिळालेली कॉलेजात. मूल एका शाळेच्या आत कमी अडखळते, एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जाताना जास्त गळते, हे त्या शिफारसीमागचे मर्म आहे. सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळांत मुस्लिम मुलांसाठी काही जागा फीमाफीच्या असाव्यात, आणि शिक्षणप्रसाराचे काम करणाऱ्या मुस्लिम संस्थांना सरकारने मान्यता व उत्तेजन द्यावे, हेही त्यात होते. शाळा, सरकार आणि समाज यांनी हे ओझे मिळून उचलावे, असाच त्याचा अर्थ.

मुंबईत ही जाणीव आयोगाच्याही आधी झाली होती. १८७४ साली अंजुमन-ए-इस्लामची स्थापना झाली. बद्रुद्दीन तय्यबजी, त्यांचे बंधू कमरुद्दीन तय्यबजी, कोकणी मुस्लिमांचे पुढारी नाखुदा महंमद अली रोघे आणि मुन्शी गुलाम महंमद ही मंडळी त्यात पुढे होती. बोहरा, कोकणी आणि इतर जमातींची माणसे एका कामासाठी एकत्र बसली, ही त्या काळातही सोपी गोष्ट नव्हती. १८८० साली अंजुमनची शाळा सुरू झाली आणि १८९३ साली बोरीबंदरच्या समोर तिची इमारत उभी राहिली. ती इमारत आजही आपण पाहतो. आपल्या लक्षात इमारत राहते. तिच्या पाठीमागे वर्गणी गोळा करणारे आणि सरकारदरबारी अनुदानासाठी पाठपुरावा करणारे हात होते, हे मात्र आपण विसरतो.

मुंबईच्या मुलाला निदान शाळा पायाखाली होती. कोल्हापूर संस्थानातल्या खेड्यातल्या मुलाचे काय? या प्रश्नाला राजर्षी शाहू महाराजांनी उत्तर शोधले. २६ जुलै १९०२ रोजी त्यांनी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या रिकाम्या जागा राखून ठेवण्याचा हुकूम काढला. पण जागा राखून उमेदवार तयार होत नाही. त्यासाठी मुलगा हायस्कूल पार करून यायला हवा. १९०१ सालीच व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले होते. त्यापाठोपाठ निरनिराळ्या समाजांची बोर्डिंगे कोल्हापुरात उभी राहिली. १९०६ साली शहरातील मुस्लिम मंडळींना एकत्र करून महाराजांनी मोहमेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, तिचे अध्यक्षपद स्वतःकडे घेतले, आणि मुस्लिम बोर्डिंग सुरू झाले. १९०८ साली अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघाले.

या बोर्डिंगची रचना बारकाईने पाहावी. शाळा सगळ्यांची एक, राजाराम हायस्कूल. राहण्याची जागा संस्थानच्या मदतीने. देखरेख त्या त्या समाजातल्या जाणत्या माणसांची. मुलगा शाळेत सर्वांबरोबर बसे आणि संध्याकाळी आपल्या माणसांत येई. घरची भाषा बोलणारे कोणी तरी जवळ असे, वरच्या वर्गातला मुलगा खालच्याला गणित सांगे, अभ्यासाची वेळ ठरलेली असे. नव्या शाळेत बुजलेल्या मुलाला यापेक्षा वेगळे काय लागते? आज शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत आम्ही बी.एड.ला जे ‘समायोजन’ म्हणून शिकलो, ते शाहू महाराजांच्या बोर्डिंगने कंदिलाच्या उजेडात करून दाखवले होते.

याच कोल्हापुरात भाऊराव पाटील नावाचा एक मुलगा जैन बोर्डिंगमध्ये राहून राजाराम हायस्कुलात शिकत होता. अभ्यासात त्याची फारशी गती नव्हती आणि मॅट्रिकची परीक्षा त्याच्या हातून पार पडली नाही. पुढे याच माणसाने ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. हायस्कूलमध्ये अडखळणे म्हणजे काय, हे त्यांना कोणी सांगावे लागले नाही. १९२४ साली साताऱ्यात त्यांनी वसतिगृह सुरू केले. सर्व जातिधर्मांची मुले तेथे एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करत आणि एका पंगतीला जेवत. १९२७ साली महात्मा गांधी तेथे आले आणि त्यांच्या हस्ते या वसतिगृहाचे ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग’ असे नामकरण झाले. पुणे कराराच्या वर्षी, १९३२ साली, पुण्यात युनियन बोर्डिंग हाऊस निघाले.

कोल्हापुरात पाठीशी राजा होता, साताऱ्यात पाठीशी रयत होती. भाऊरावांनी मुष्टिफंड सुरू केला. घरात दळण काढताना एक मूठ धान्य बोर्डिंगसाठी बाजूला ठेवायचे आणि ते गोळा करायचे. रक्कम देणे ज्यांना शक्य नव्हते, तेही या कामाचे वाटेकरी झाले. मूठभर ज्वारी देणारी बाई स्वतः शाळेची पायरी चढलेली नसेल, पण ‘आमची पोरं बोर्डिंगात शिकतात’ असे ती म्हणू शकत होती. धान्य अपुरे पडले तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी मुलांच्या जेवणासाठी अंगावरचे दागिने दिले. १९४० साली साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू झाले आणि ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वावर मुले श्रम करून शिकू लागली. गरीब बापाची सर्वांत मोठी अडचण मुलाची बुडणारी कमाई ही असते. या योजनेने नेमका त्याच अडचणीला हात घातला.

या इतिहासाची एक बाजू मात्र उजळ नाही. बोर्डिंगे बहुतांशी मुलांची होती. मुलीला घरापासून दूर ठेवायला कोणताच समाज तयार नव्हता, आपलाही नव्हता. अंजुमनच्या मुलांची शाळा १८८० सालची, पण मुलींच्या हायस्कूलसाठी १९३६ साल उजाडावे लागले. उंबरठा मुलीसाठी दुप्पट उंच राहिला. आजही सातवीनंतर शाळा लांब आहे, रस्ता बरा नाही, एवढ्या कारणावर तिचे नाव पटावरून निघते.

स्वातंत्र्यानंतर चित्र बदलले. हायस्कुले तालुक्याला आली, मग गावाला आली. १९५९ पासून आर्थिकदृष्ट्या मागासलेल्या पालकांच्या मुलांना फीची सवलत मिळू लागली. आपल्या समाजानेही ठिकठिकाणी उर्दू हायस्कुले काढली. मालेगावच्या एका संस्थेचे नावच ‘अंजुमन मोईनुत्तुलबा’ आहे. मोईनुत्तुलबा म्हणजे विद्यार्थ्यांचा मदतगार. किती नेमके नाव! पण शाळा जवळ आली तशी समाजाची मूठ सैल झाली. शाळा आहे, सरकारी पगाराचे मास्तर आहेत, आता आपले काय काम, असे वाटू लागले. संस्थाचालक इमारतीत गुंतले, पालक पोटापाण्यात गुंतले, आणि बोर्डिंगमधली ती संध्याकाळची देखरेख कोणाचीच राहिली नाही.

मग १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्काचा कायदा लागू झाला. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे त्यात लिहिले आहे. शाळा आणि समाज यांची जी भागीदारी पूर्वी इच्छेवर होती, ती कायद्यात आली. पण हा कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आहे. २०१६ च्या दुरुस्तीने बालमजुरीवरची सरसकट बंदीही चौदा वर्षांपर्यंतच ठेवली आणि त्यापुढे अठरापर्यंत फक्त धोकादायक कामे वर्ज्य केली. आता हे दोन कायदे शेजारी ठेवून वाचा. आठवी संपता संपता मूल चौदा वर्षांचे होते. ज्या वयात शिक्षणाचा हक्क हात सोडतो, त्याच वयात कामाचा बाजार हात पुढे करतो. यंत्रमागाच्या गावातल्या, गॅरेजच्या गल्लीतल्या शिक्षकाला हे वेगळे सांगायला नको.

त्यातच भाषेचा प्रश्न आहे. आमच्या वर्गातले मूल घरी दखनी बोलते किंवा कोकणी बोली बोलते, पुस्तक उर्दूत वाचते, बाजारात आणि कचेरीत मराठी ऐकते, आणि अकरावी विज्ञानाला गेले की एकदम इंग्रजीपुढे उभे राहते. ही चार भाषांची कसरत आहे. आपण तिला कमकुवतपणा समजतो. योग्य वेळी हात मिळाला तर तीच त्याची ताकद होऊ शकते. कोरोनानंतर २०२१ साली राज्याने पंचेचाळीस दिवसांचा सेतू अभ्यासक्रम राबवला. मागचे राहिलेले आधी भरून काढा, मग पुढचे शिकवा, ही त्यातली कल्पना चांगली होती. आमचे म्हणणे इतकेच की असा सेतू महामारीची वाट न पाहता दरवर्षी आठवी-नववीच्या तोंडावर बांधला पाहिजे.

तो बांधायला नवे बोर्डिंग काढण्याची गरज नाही. बोर्डिंगचे चार खांब तेवढे परत उभे करायचे आहेत. पहिला खांब ओळखीचा : प्राथमिक शाळेच्या आणि हायस्कूलच्या शिक्षकांनी उन्हाळी सुट्टीपूर्वी एकत्र बसावे आणि कोणते मूल वाचनात मागे, कोणाच्या घरी अडचण, हे एकमेकांना सांगावे. दाखल्यावर या गोष्टी लिहिलेल्या नसतात. दुसरा जागेचा : मोहल्ल्यात जमातखान्याची किंवा मशिदीलगतची खोली संध्याकाळी रिकामी असते, तेथे दोन तास अभ्यासिका चालू शकते. मुलींसाठी एखाद्या शिक्षिकेचे घर चालेल. तिसरा माणसांचा : कॉलेजात गेलेल्या मुलामुलींनी आठवड्यातून दोन संध्याकाळी खालच्या वर्गांना द्याव्यात. चौथा पैशाचा : जकात आपण दरवर्षी काढतो, गरजू विद्यार्थी तिचा हकदार आहे. त्याच्या वह्या, बसचा पास आणि परीक्षेची फी यातून निघाली तर बापाला मुलाचे नाव काढण्याचे एक कारण कमी होईल. आणि ज्याला जकात लागू होत नाही, त्याने मुष्टिफंडातली ती मूठ आठवावी.

पालकसभाही कारखान्याची सुट्टी पाहून घ्यावी. कामाच्या दिवशी सकाळी अकराला सभा लावायची आणि पालक येत नाहीत म्हणून तक्रार करायची, याला अर्थ नाही. जो बाप शाळेत येत नाही, त्याला मुलाची काळजी नाही असे समजू नये. त्याला आपल्या फळ्यासमोर उभे राहायला संकोच वाटतो.

१९०६ सालचे ते मुस्लिम बोर्डिंग आणि १९२४ सालचे ते साताऱ्याचे वसतिगृह यांनी एक गोष्ट सिद्ध केली. मागे पडलेले मूल शाळा एकटी सांभाळू शकत नाही आणि समाजही एकटा सांभाळू शकत नाही. दोघांनी एकेक हात धरला तर ते मूल उंबरठा ओलांडते. मॅट्रिक न झालेला एक मुलगा पुढे हजारो मुलांना मॅट्रिकपर्यंत नेऊ शकला. आज आपल्या आठवीच्या वर्गात शेवटच्या बाकावर गप्प बसलेल्या मुलात काय दडले आहे, हे निकालपत्र सांगणार नाही. त्याला नववीपर्यंत पोहोचवणे एवढे तर आपल्या हातात आहे.