तळटीप १२ : बेस्ट मॅन
इंग्लंडातील चर्चविवाहात वराचा पाठराखा, बहुधा अविवाहित मित्र किंवा भाऊ. आपल्याकडे कान पिळणारा मेहुणा वधूपक्षाचा. हा मात्र वराच्या बाजूचा. अंगठी खिशात जपणे, वराच्या वतीने पाद्री व कारकुनाची फी गुपचूप चुकती करणे, नोंदवहीत साक्षीदार म्हणून सही करणे ही त्याची कामे. सगळ्यांत जोखमीचे काम, नवरदेवाला वेळेत उभे करणे. १८८६पर्यंत, खास परवाना नसल्यास, विवाह दुपारी १२च्या आत लागणे कायद्याने आवश्यक होते. या प्रकरणातली धांदल त्यामुळेच. वराची टर उडवणारे भाषण ही नंतरची भर. त्या काळी तो करवल्यांच्या वतीने आभार मानून खाली बसे. — संपा.