शिडी घरात असलीच पाहिजे : अर्थशास्त्रातील आगीचे नियम (थ्रेड)

कौटिल्याचे अर्थशास्त्र म्हटले की हेर, मंडलसिद्धान्त आणि साम-दाम-दंड-भेद एवढेच बहुतेकांना आठवते. त्याच ग्रंथाच्या दुसऱ्या अधिकरणात, नगराच्या कारभारावरील ३६ व्या अध्यायात, वेगळेच काही सापडते. उन्हाळ्यात चूल केव्हा पेटवू नये, घरात पाण्याचे घट किती असावेत, शिडी नसेल तर दंड किती, शेजारी आग लागली असता जो धावत नाही त्याचे काय करावे, हे सारे तेथे नोंदलेले आहे.

आगीची एवढी धास्ती का, हे समजण्यासाठी प्राचीन नगरे कशाची बांधलेली होती ते पाहावे लागते. चंद्रगुप्त मौर्याच्या काळी भारतात आलेल्या मेगॅस्थेनीसच्या वृत्तान्तानुसार पाटलिपुत्राभोवती लाकडी तट होता. त्याला ६४ दरवाजे आणि ५७० बुरूज होते. नदीकाठची नगरे लाकडाची आणि उंचावरची विटामातीची, असेही त्याच वृत्तान्तात येते. विसाव्या शतकात पाटण्यातील बुलंदीबागेच्या उत्खननात जाड लाकडांच्या तटाचे अवशेष खरोखरच हाती लागले. महापरिनिब्बानसुत्तात या नगराला तीन संकटे सांगितली आहेत : आग, पाणी आणि आपसातील फूट. पहिले नाव आगीचे आहे.

येथे एक खबरदारी घ्यायला हवी. अर्थशास्त्र म्हणजे पाटलिपुत्राची नगरपालिका-नियमावली नव्हे. ग्रंथाचे आजचे स्वरूप मौर्यांनंतर काही शतकांनी सिद्ध झाले, असे अनेक अभ्यासक मानतात. शिवाय काय असावे हे शास्त्र सांगते. प्रत्यक्षात काय होते याचा तो पुरावा नसतो. पण ग्रंथकाराच्या डोळ्यांसमोर कोणते धोके होते, ते मात्र या नियमांतून स्वच्छ दिसते.

आता प्रत्येक घरात सक्तीने ठेवायच्या वस्तू पाहू. पाण्याचे पाच घट, कुंभ म्हणजे मोठा रांजण, द्रोणी म्हणजे डोणी, निःश्रेणी म्हणजे शिडी, परशू, शूर्प म्हणजे सूप, अंकुश म्हणजे आकडा, कचग्रहणी आणि दृती, म्हणजे पाणी वाहण्याची चामड्याची पखाल. यांपैकी ‘कचग्रहणी’ हा शब्द मोठा मजेदार आहे. कच म्हणजे केस. शब्दशः पाहिले तर ‘केस धरणारी’. येथे मात्र तिचा अर्थ छपराचे गवत ओढून काढण्याचे साधन असा घेतला जातो.

या यादीतील जवळजवळ निम्म्या वस्तूंचा पाण्याशी संबंध नाही, हे सहज नजरेतून सुटते. शिडी, कुऱ्हाड, आकडा आणि कचग्रहणी ही सारी मोडतोडीची हत्यारे आहेत. पेटलेले शाकारलेले छप्पर चार-सहा घट पाण्याने विझत नाही. ते वेळीच ओढून खाली पाडले, तरच शेजारचे घर वाचते. १६६६ च्या लंडनमधील महाआगीतही लांब दांड्यांचे आकडे याच कामासाठी वापरले गेले. तेव्हा ही सज्जता केवळ आपले घर वाचवण्याची नव्हती. प्रसंगी एका घराचे छप्पर गमावून पूर्ण आळी वाचवण्याची होती.

दंडांचे आकडे याहून बोलके आहेत. उन्हाळ्यात दिवसाच्या मधल्या दोन प्रहरांत घरात विस्तव पेटवला तर एक अष्टमांश पण. स्वयंपाक करायचाच तर घराबाहेर करावा. वरील साधने नसतील तर पाव पण. याच ग्रंथाच्या वेतनसूचीत सर्वांत खालच्या सेवकांना वर्षाला ६० पण मिळतात. म्हणजे पाव पण ही त्या सेवकाची सुमारे दीड दिवसाची कमाई झाली. रस्त्यावर केरमाती टाकणाऱ्यालाही एक अष्टमांश पणच दंड आहे, यावरून या नियमांची पातळी लक्षात येते.

पण शेजारी आग लागली असता जो घरमालक धावून जात नाही, त्याला १२ पण दंड! शिडी न ठेवण्याच्या दंडाच्या ४८ पट, आणि त्या सेवकाच्या हिशेबाने अडीच महिन्यांचे वेतन. भाडेकरूला याच्या निम्मा, ६ पण. निष्काळजीपणाने आग लागली तर ५४ पण, आणि मुद्दाम आग लावणाऱ्याला अग्नीनेच मृत्युदंड. भाडेकरूला सवलत का, हे ग्रंथ सांगत नाही. त्याची मालमत्ता पणाला लागलेली नसते हे खरे. पण त्याला पूर्ण माफीही नाही. घर दुसऱ्याचे असले तरी आळी त्याचीही आहे, असाच या निम्म्या दंडाचा अर्थ दिसतो.

आगीचा स्वतंत्र बंब किंवा स्वतंत्र दल या अध्यायात कोठेही नाही. रस्त्यांवर, चौकांत, वेशींवर आणि राजाच्या वास्तूंजवळ हजारोंनी पाण्याचे घडे ओळीने मांडलेले असावेत, एवढी सार्वजनिक तरतूद सांगितली आहे. ते घडे उचलणारे हात मात्र रहिवाशांचेच. त्यामुळे धावून न जाणे हा येथे शेजारधर्माचा प्रश्न उरत नाही. ती व्यवस्थेतूनच घेतलेली पळवाट ठरते.

या व्यवस्थेचा भार सर्वांवर सारखा नव्हता, हेही नमूद केले पाहिजे. गवताने आणि चटयांनी शाकारलेले सारे नगरातून हलवावे, असा आदेश आहे. अशा छपराखाली कोण राहत असेल, हे वेगळे सांगायला नको. नवे छप्पर कोठून आणावे याविषयी ग्रंथ गप्प आहे. लोहारांसारख्या विस्तवावर पोट असणाऱ्यांना एकाच ठिकाणी वसवायचे. घरमालकांनी रात्री एकत्र न जमता आपापल्या दाराशी राहायचे. ही आगीची राखण आहे आणि पाळतही. घरी कोण आले, कोण गेले हे कळवले नाही तर दंड करणारा अध्यायही हाच.

याच अध्यायात रात्रीची संचारबंदी आहे. मग मध्यरात्री आग लागली तर धावणाऱ्याने काय करावे? गेला तर पहारेकरी पकडणार, न गेला तर १२ पण दंड. ग्रंथकाराने हा पेच ओळखलेला दिसतो. सुईण, वैद्य, अंत्यविधी यांसाठी बाहेर पडलेल्यांबरोबरच आगीच्या कारणाने बाहेर पडलेल्यालाही पकडू नये, असा अपवाद त्याने लिहून ठेवला आहे. नियम कागदावर रचताना तो प्रत्यक्षात कसा अडेल याचा विचार करणारा हा माणूस होता.

गंमत म्हणजे आठव्या अधिकरणात हाच ग्रंथ आगीला सर्वांत भयंकर आपत्ती मानत नाही. पूर्वीचे आचार्य पुरापेक्षा आग वाईट म्हणतात; कौटिल्य ते खोडून काढतो. आग एखादे गाव किंवा अर्धे गाव जाळते, पुराचा लोंढा शेकडो गावे वाहून नेतो, असा त्याचा हिशेब आहे.

आणि तेराव्या अधिकरणात शत्रूचा किल्ला घेण्याचे उपाय येतात. किल्ल्यात घरटी असलेले ससाणे, कावळे, पोपट, कबुतरे पकडायची, शेपटीला ज्वालाग्राही मिश्रण बांधायचे आणि सोडून द्यायची. पाखरे आपल्या घरट्याकडेच परतणार, आणि घरटी छपरांत. पराक्रमाने किल्ला घेता येत असेल तर मात्र आग लावू नये, असे तो लगेच बजावतो. आगीचा भरवसा नाही, आणि धान्य, गुरे, द्रव्य सारे खाक झालेले राज्य हाती येऊन उपयोग नाही. नगरातील गवताची छपरे हलवायला सांगणारा आणि ती पाखरे सोडायला सांगणारा ग्रंथ एकच आहे.