दुकानाच्या दारी कोणाची गाडी येते? शिरूर-दौंडच्या किराणा व्यापाराचा दीडशे वर्षांचा प्रवास

१/ शिरूर तालुक्यात रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत बिस्किटांचे मोठे कारखाने आहेत आणि घोड नदीच्या काठी भाजीपाल्याचे मळेही आहेत. तरीही शहरातल्या गल्लीतील किराणा दुकानात बिस्किटाचा पुडा हमखास मिळतो, मेथीची जुडी क्वचितच. असे का? 🧵

२/ रेल्वे येण्यापूर्वी मीठ कोकणातून लमाणांच्या बैलतांड्यांवर घाट चढून येई. बाकीचा बहुतेक माल पंचक्रोशीचाच असे : बाजरी, ज्वारी, हुलगे, मटकी, घाण्याचे करडई तेल, गुऱ्हाळातला गूळ. शिरूरला ब्रिटिशांची लष्करी छावणी होती. तिच्या आधाराने तेथील बाजार वाढला.

३/ १८५८ साली लोहमार्ग पुण्याहून दौंडमार्गे दिकसाळपर्यंत पोहोचला. १८७८ मध्ये दौंड-मनमाड मार्ग सुरू झाला आणि दौंड जंक्शन बनले. येथले धान्य दूरच्या पेठांत जाऊ लागले आणि दूरचा माल येथल्या दुकानांत येऊ लागला.

४/ त्या काळी अनेक गावांत दुकानदार हाच सावकार असे. धान्य, कापड आणि कर्ज यांची नोंद एकाच वहीत होई. डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातील कर्डे गावाने अशा एका सावकारावर बहिष्कार घातला. त्याच्या दुकानातून खरेदी थांबली. माल शिरूरला हलवावा, तर त्याला गाडीवान मिळेना.

५/ १२ मे १८७५ रोजी तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले, धान्याची दुकाने लुटली. हाच दख्खनचा उठाव. त्यातून १८७९ चा शेतकरी कर्जनिवारण कायदा आला. गावाच्या पोटाचे दोर उधारीच्या वहीत अडकले होते, हे या उठावाने सरकारलाही दाखवून दिले.

६/ पुढे १९६३ च्या कायद्याने बाजार समित्यांची घडी बसवली. उघड लिलाव आणि चोख वजन हा शेतकऱ्याला मोठा आधार होता. परंतु ही रचना घाऊक व्यवहारासाठी होती. दहा जुड्या हव्या असलेल्या छोट्या दुकानदाराचा विचार तीत नव्हता. २०१६ मध्ये फळे-भाजीपाला समित्यांच्या नियंत्रणातून मुक्त झाला, तरी त्या दहा जुड्या रोज दुकानापर्यंत कोण आणणार, हा प्रश्न उरलाच.

७/ पुड्याचा मार्ग मात्र सुकर आहे. वितरकाचा माणूस ठरलेल्या वारी येऊन मागणी लिहून घेतो, टेम्पो माल दारात उतरवतो. पैसे बहुधा काही दिवसांनी दिले तरी चालतात, मुदत संपलेला माल अनेकदा बदलूनही मिळतो. भाजीसाठी दुकानदाराने पहाटे मंडई गाठायची, बहुधा रोख मोजायचे आणि संध्याकाळी सुकलेल्या पाल्याचा तोटा स्वतः सोसायचा. म्हणून ती जोखीम हातगाडीवाल्याकडे जाते आणि किराणा दुकानाच्या फळीवर पुडे उरतात.

८/ केवळ गिऱ्हाईकाच्या जिभेला किंवा दुकानदाराच्या लोभाला दोष देणे म्हणूनच अपुरे ठरते. पहाटेची खेप, थोडी उधारी आणि नासाडीतला वाटा एवढे भाजीलाही लाभले, तर तीच फळी वेगळी दिसेल. कर्डे गावच्या गाडीवानांना हे तेव्हाच ठाऊक होते : गाडी कोणासाठी जुंपायची, यावर दुकान चालते.