कार्यक्रमांतून व्यवसायवृद्धी : मुरुड आणि रायगड किनारा

व्यवसायाची ओळख वाढावी, गिऱ्हाइकाशी नाते जुळावे आणि कामगारांना आपलेपणा वाटावा म्हणून मुद्दाम योजलेला प्रसंग. हल्ली त्याला सर्रास ‘इव्हेंट’ म्हणतात. मराठी व्यवहारात मात्र तो फार आधीपासून आहे: साडीच्या दुकानातले हळदीकुंकू, वर्धापनदिनाची सत्यनारायणाची पूजा, कारखान्यातली खंडेनवमी. खंडेनवमीला यंत्रे पुसून झेंडूने सजवतात आणि कामगाराची बायको-मुले तो कुठे राबतो ते पाहून जातात. नाशिकच्या सुला वाइनरीने 2008 मध्ये ‘सुलाफेस्ट’ सुरू केला, तेव्हा गाणी ऐकायला आलेली मंडळी द्राक्षमळाही पाहून गेली.

रायगड किनाऱ्यावर अशा कार्यक्रमाची तारीख तिथी आणि समुद्र ठरवतात. मुरुड तालुक्यातल्या नांदगावच्या सिद्धिविनायकाची जत्रा माघ शुद्ध चतुर्थीला भरते. याच नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी 1520 मध्ये ‘ग्रहलाघव’ हा ग्रंथ रचला आणि पुढे शतकानुशतके पंचांगकर्ते त्याच्या आधाराने तिथ्या काढत आले. जत्रेत दुकान मांडणारा मिठाईवाला, खेळणीवाला वर्षाचा हिशेब त्याच तिथीवर बेततो. आजच्या भाषेत सांगायचे तर गर्दी तयार असते. विक्रेत्याने तिथे आपली जागा शोधायची असते.

दुसरी मोठी तिथी नारळी पौर्णिमा. 1 जून ते 31 जुलै या काळात महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, जाळी विणायला काढलेली. श्रावणी पौर्णिमेला कोळीवाड्यातून वाजतगाजत मिरवणूक निघते, दर्याला नारळ अर्पण होतो आणि परंपरेने हंगाम उघडतो. मालक आणि खलाशी त्या दिवशी एकाच होडीची पूजा करतात. नव्या मोसमाची उमेद सगळ्यांत जागवणारा याहून सुंदर ‘कर्मचारी मेळावा’ एखाद्या कंपनीला सापडणे कठीण आहे.

किनाऱ्यावरचे सर्वांत शिकण्याजोगे उदाहरण मात्र थोडे दक्षिणेला, सावित्रीच्या मुखापलीकडे, मंडणगड तालुक्यातल्या वेळासला आहे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने 2002 मध्ये तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. अंडी उबायला साधारण दीड-दोन महिने लागतात. 2006 पासून पिल्ले समुद्रात सोडण्याचा तोच क्षण ‘कासव महोत्सव’ झाला. पाहुणे गावकऱ्यांच्याच घरी उतरतात, ओसरीवर झोपतात, घरचे जेवतात. गावाने मोठे हॉटेल बांधले नाही की मंच उभारला नाही. यजमान तेच, कामगार तेच आणि कासव टिकले तर कमाई टिकते हेही त्यांनाच ठाऊक. किती पिल्ले निघतील याची हमी कोणी देत नाही; एखाद्या सकाळी एकही निघत नाही. तरीही लोक येतात, कारण जे दिसते ते खरे असते.

मुरुडला पाहुण्यांची वाण नाही. जंजिरा किल्ला, काशीदचा किनारा, फणसाडचे अभयारण्य आणि नारळ-सुपारीच्या वाड्यांतली घरगुती राहणी यांमुळे मुंबई-पुण्याच्या कंपन्या ऑफिसच्या सहली इकडे काढतात. मार्च 2020 मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा अशी रो-रो सेवा सुरू झाली, त्यामुळे गाडीसकट समुद्र ओलांडणे सोपे झाले. सहलीत संघभावनेचे खेळ होतात, बक्षिसे वाटली जातात. पण मुरुडचे नाव निघाले की एक काळी तारीखही आठवते. 1 फेब्रुवारी 2016 रोजी पुण्याहून सहलीला आलेले डझनाहून अधिक विद्यार्थी इथल्या समुद्रात बुडाले. तेव्हापासून कार्यक्रमाच्या आखणीत जेवण आणि ध्वनिक्षेपकाच्या आधी भरती-ओहोटीचे वेळापत्रक यायला हवे, याबद्दल दुमत असू नये.

त्यासाठी कोळी माणसाचा हिशेब सोपा आहे. तिथीला पाऊणपटीने गुणले की भरतीचा सुमार कळतो: चतुर्थीला तीनच्या, अष्टमीला सहाच्या आसपास. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आगेमागे भांग, म्हणजे मंद भरती. पूर्ण भरतीनंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी होऊन वाळू मोकळी होते. किनाऱ्यावरचे खेळ तेव्हा बसतात, जंजिऱ्याकडे जाणारी राजपुरीची शिडाची होडी मात्र वाऱ्यापाण्याच्या मर्जीवर. पावसाळ्यात ती बंदच असते; त्या महिन्यांत वाडीत उतरलेल्या पाहुण्यांसमोर नारळ सोलणे, सुपारी कातरणे, घरचे वाफाळते जेवण एवढाच कार्यक्रम उरतो आणि तोही पुरतो.