जुने पत्ते, नवे पत्ते : इंटरनेटचे संथ स्थलांतर

इंटरनेटला जोडलेल्या प्रत्येक यंत्राला पत्ता लागतो. संकेतस्थळाचे नाव असते ते आपल्या सोयीसाठी. माहितीची देवाणघेवाण आकड्यांच्या पत्त्यांवरच चालते. या पत्त्यांची नियमावली म्हणजे इंटरनेट प्रोटोकॉल, अर्थात आयपी. तिची चौथी आवृत्ती सप्टेंबर १९८१ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत पत्ता ३२ बिटांचा असतो, म्हणून एकूण पत्ते ४,२९,४९,६७,२९६. त्या काळी हा साठा इतका अमाप वाटत होता, की एमआयटीसारख्या एकट्या संस्थेला १ कोटी ६७ लाखांहून अधिक पत्ते देण्यात आले! ३ फेब्रुवारी २०११ रोजी मध्यवर्ती साठ्यातील अखेरचे पाच गट पाच विभागीय संस्थांना वाटून झाले.

तरीही इंटरनेट बंद पडले नाही, कारण 'नॅट' ही युक्ती. एखाद्या गृहनिर्माण संस्थेचा टपालाचा पत्ता एकच असावा आणि कोणत्या सदनिकेतून कोणते पत्र गेले याची नोंद रखवालदाराने ठेवावी, तसे हे आहे. उत्तर आले की तो ते योग्य घरी पोहोचवतो. बाहेरून आपणहून आलेले पत्र कोणाचे, हे मात्र त्याला कळत नाही. मोबाइल कंपन्या असंख्य ग्राहकांना अशा सामायिक पत्त्यांमागे बसवतात. एकाच्या गैरवर्तनामुळे पत्ता रोखला गेला तर शिक्षा सर्वांना होते. सायबर गुन्ह्याच्या तपासात नुसता पत्ता हाती लागून भागत नाही. नेमकी वेळ आणि पोर्ट क्रमांकही लागतो. ती नोंद नसेल, तर संशयाच्या घेऱ्यात निरपराध माणसेही येतात.

यावरील खरा उपाय, म्हणजे सहावी आवृत्ती, डिसेंबर १९९५ मध्येच मांडला गेला होता. (पाचवा क्रमांक ध्वनी-चित्र प्रक्षेपणाच्या एका प्रयोगाने आधीच घेतला होता.) तीत पत्ता १२८ बिटांचा, पत्त्यांची संख्या सुमारे ३४ वर ३७ शून्ये. मग विलंब का? दोन्ही आवृत्त्या एकमेकींशी थेट बोलू शकत नाहीत, हे त्याचे मुख्य कारण. १ जानेवारी १९८३ रोजी 'अर्पानेट' एका ठरलेल्या दिवशी नव्या नियमावलीवर गेले, पण तेव्हा संगणक काहीशेच होते. आज असा दिवस ठरवणे अशक्य. म्हणून दोन्ही आवृत्त्या शेजारी-शेजारी चालवाव्या लागतात, किंवा मध्ये भाषांतर करणारी यंत्रणा बसवावी लागते. खर्च आज, लाभ उद्या, अशा कामात कंपन्यांनी चालढकल केली तर नवल नाही.

भारताला मात्र उशिरा येण्याचा फायदा झाला. जुन्या पत्त्यांचा मोठा साठा हाताशी नसलेल्या जिओने २०१६ मध्ये आपले फोर-जी जाळे सहाव्या आवृत्तीच्या आधारेच उभारले. आज या आवृत्तीच्या वापरात भारत आघाडीच्या देशांत आहे. आपल्या मोबाइलच्या सेटिंग्जमधील आयपी पत्ता पाहावा : आकड्यांमध्ये पूर्णविराम असतील तर तो जुना, अपूर्णविराम असतील तर नवा. बहुधा दोन्ही सापडतील.