शोरूममध्ये रोख रक्कम देऊन चारचाकी खरेदी: मर्यादा, कागदपत्रे आणि योजनांच्या पात्रतेवर होणारा परिणाम

पीक विकून आलेले पैसे, भिशीची रक्कम, जनावरांच्या विक्रीतून मिळालेले पैसे किंवा घरातली अनेक वर्षांची शिल्लक घेऊन अनेक कुटुंबे चारचाकी घेण्यासाठी थेट शोरूममध्ये जातात. रोख रक्कम देऊन गाडी घेणे हा गुन्हा नाही. मात्र एका गाडीसाठी किती रक्कम रोख स्वीकारता येते, यावर कायद्याने मर्यादा घातली आहे. तसेच गाडी कुटुंबातील व्यक्तीच्या नावावर झाल्यानंतर काही कल्याणकारी योजनांची पात्रता बदलते. गाडी ठरवण्यापूर्वी या दोन्ही बाबी समजून घ्याव्यात.

या पानावरील करविषयक नियम आर्थिक वर्ष २०२४-२५ मध्ये लागू असलेल्या आयकर अधिनियम, १९६१ नुसार दिले आहेत.

थोडक्यात माहिती

- एका गाडीच्या व्यवहारात विक्रेत्याला एकूण २ लाख रुपये किंवा त्याहून अधिक रोख घेता येत नाही. म्हणजेच रोख रक्कम २ लाखांपेक्षा कमी असली पाहिजे.
- ही रक्कम वेगवेगळ्या दिवशी किंवा वेगवेगळ्या पावत्यांवर दिली तरी ती एकत्रच मोजली जाते.
- चारचाकी खरेदीसाठी पॅन आवश्यक आहे. पॅन नसल्यास फॉर्म ६० भरून द्यावा लागतो.
- जास्तीची रोख रक्कम आधी स्वतःच्या बँक खात्यात जमा करावी आणि तेथून शोरूमच्या खात्यात पाठवावी.

२ लाखांची मर्यादा कशी मोजतात?

आयकर अधिनियमातील कलम २६९एसटी १ एप्रिल २०१७ पासून लागू झाले. या कलमानुसार कोणत्याही व्यक्तीला पुढील तीनपैकी कोणत्याही प्रकारे २ लाख रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोख स्वीकारता येत नाही:

१. एका व्यक्तीकडून एका दिवसात;
२. एकाच व्यवहारापोटी, मग पैसे कितीही दिवसांत दिलेले असोत;
३. एका व्यक्तीकडून, एकाच प्रसंगाशी संबंधित व्यवहारांपोटी.

गाडीची खरेदी हा एकच व्यवहार आहे. त्यामुळे बुकिंगच्या वेळी दिलेली रक्कमही याच मर्यादेत धरली जाते. विमा, नोंदणी शुल्क आणि ॲक्सेसरीज यांसाठी शोरूमला दिलेली रोख रक्कमही गाडीच्या रकमेसोबत एकत्र धरून चालणे सुरक्षित आहे.

गाडीचे बिल एकाच्या नावावर असेल आणि वडील, मुलगा व भाऊ यांनी प्रत्येकी थोडी रोख रक्कम दिली, तरी व्यवहार एकच राहतो. त्यामुळे मर्यादाही एकदाच मिळते.

नियमभंग झाल्यास कलम २७१डीए नुसार रोख स्वीकारणाऱ्यावर, स्वीकारलेल्या रकमेइतकाच दंड होऊ शकतो. म्हणूनच बहुतेक शोरूम मोठी रोख रक्कम घेण्यास नकार देतात. हा नकार ग्राहकाची अडवणूक समजू नये.

उदाहरण

एका शेतकरी कुटुंबाने ६,४०,००० रुपये ऑन-रोड किमतीची गाडी ठरवली. सोयाबीन आणि एक म्हैस विकून आलेले ३,५०,००० रुपये घरात रोख आहेत. उरलेल्या रकमेसाठी बँकेचे कर्ज मंजूर झाले आहे.

*चुकीची पद्धत:* सोमवारी १,९०,००० आणि शुक्रवारी १,६०,००० रुपये रोख भरणे. एका दिवसाची रक्कम २ लाखांच्या आत असली, तरी एकाच गाडीपोटी ३,५०,००० रुपये रोख दिले जातात. हा नियमभंग आहे.

*योग्य पद्धत:* संपूर्ण ३,५०,००० रुपये आपल्या बचत खात्यात भरून एनईएफटी किंवा आरटीजीएसने शोरूमच्या खात्यात पाठवणे. किंवा १,५०,००० रुपये शोरूमच्या रोखपालाकडे भरून पावती घेणे आणि उरलेले २,००,००० रुपये बँकेमार्फत देणे.

कोणत्या मार्गाने दिलेली रक्कम रोख धरली जात नाही?

अकाउंट पेयी धनादेश, अकाउंट पेयी डिमांड ड्राफ्ट, एनईएफटी, आरटीजीएस, आयएमपीएस, यूपीआय, नेट बँकिंग, डेबिट कार्ड आणि क्रेडिट कार्ड यांद्वारे दिलेल्या रकमेला ही मर्यादा लागू होत नाही. बेअरर धनादेश मात्र या यादीत येत नाही. धनादेशावर दोन तिरक्या रेषा मारून "अकाउंट पेयी" असे लिहिल्याची खात्री करावी.

बँकेत रोख भरताना काय लागते?

बँकेला कलम २६९एसटी लागू नाही. त्यामुळे आपल्या खात्यात २ लाखांपेक्षा जास्त रोख भरता येते. त्यासाठी पुढील बाबी लक्षात ठेवाव्यात:

- एका दिवसात ५०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख भरताना पॅन द्यावा लागतो. पॅन नसल्यास फॉर्म ६० द्यावा लागतो.
- बचत खात्यांत एका आर्थिक वर्षात एकूण १० लाख रुपये किंवा त्याहून अधिक रोख जमा झाल्यास बँक ती माहिती आयकर विभागाला कळवते. माहिती कळवली म्हणजे कर लागलाच असे नाही, परंतु पैसे कुठून आले हे सांगता आले पाहिजे.
- पूर्ण केवायसी न करता उघडलेल्या "छोट्या खात्या"त शिल्लक ५०,००० रुपयांपेक्षा जास्त ठेवता येत नाही आणि वर्षभरात १ लाख रुपयांपेक्षा जास्त रक्कम जमा करता येत नाही. आपले जन-धन खाते या प्रकारचे असल्यास आधी शाखेत जाऊन केवायसी पूर्ण करावे. पूर्ण केवायसी झालेल्या जन-धन खात्याला ही मर्यादा नाही.

पैशांचा स्रोत दाखवणारी कागदपत्रे

चौकशी झाल्यास रोख रकमेचा स्रोत सांगता आला नाही, तर ती रक्कम अस्पष्टीकृत उत्पन्न मानली जाऊ शकते. अशा उत्पन्नावर अधिभार आणि उपकर धरून ७८ टक्के कर लागतो. म्हणून पुढीलपैकी लागू असलेली कागदपत्रे जपून ठेवावीत:

- बाजार समितीची हिशेबपट्टी किंवा व्यापाऱ्याची पावती, आणि जमिनीचा उतारा (महाराष्ट्रात ७/१२; इतर राज्यांत तेथील अभिलेख);
- बँकेतून पैसे काढल्याची पासबुकातील नोंद;
- जनावर, दागिने किंवा जमीन विकल्याची पावती अथवा दस्त;
- निवृत्तीची रक्कम किंवा भूसंपादनाचा मोबदला मिळाल्याचे पत्र.

शेती उत्पन्नावर केंद्रीय आयकर नाही. तरीही ते शेतीतूनच आले हे दाखवणारा कागद हवा.

नातेवाइकांकडून उसने पैसे घेत असल्यास

कलम २६९एसएस नुसार २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक कर्ज अथवा उसनी रक्कम रोख घेता येत नाही. येथे दंड पैसे घेणाऱ्यावर, म्हणजे गाडी घेणाऱ्या आपल्यावरच होतो आणि तो घेतलेल्या रकमेइतका असू शकतो. देणारा आणि घेणारा या दोघांचेही उत्पन्न शेतीचे असेल आणि दोघांपैकी कोणाचेही उत्पन्न करपात्र नसेल, तर या नियमातून सूट आहे. इतरांनी उसने पैसे खात्यातूनच घ्यावेत.

जुनी गाडी विकताना विशेष काळजी

नवी गाडी घेण्यासाठी अनेक जण जुनी गाडी ओळखीच्या व्यक्तीला विकतात. या व्यवहारात रोख स्वीकारणारे आपण असतो. जुनी गाडी २,४०,००० रुपयांना पूर्ण रोखीने विकल्यास, २,४०,००० रुपयांपर्यंतचा दंड आपल्यावर होऊ शकतो. त्यामुळे किमान एवढी रक्कम खात्यावर घ्यावी की रोख भाग २ लाखांच्या आत राहील. पैसे मिळाल्यावर परिवहन कार्यालयात गाडी खरेदीदाराच्या नावावर हस्तांतरित झाल्याची खात्री करावी.

१० लाखांपेक्षा महाग गाडी आणि व्यवसायासाठीची गाडी

गाडीची किंमत १० लाख रुपयांपेक्षा जास्त असल्यास विक्रेता १ टक्का कर (टीसीएस) वेगळा वसूल करतो. पैसे रोख दिले किंवा खात्यातून दिले, तरी हा कर लागतो. हा कर आपल्या पॅनवर जमा होतो. आयकर देय नसल्यास विवरणपत्र भरून तो परत मिळवता येतो.

टॅक्सी किंवा मालवाहतुकीसाठी गाडी घेऊन हिशेबवही ठेवणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की, एका दिवसात १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिल्यास तो भाग गाडीच्या किमतीत धरला जात नाही. त्यामुळे त्यावर घसारा मिळत नाही.

शोरूममधून काय घ्यावे?

- प्रत्येक रकमेची क्रमांक असलेली छापील पावती, त्यावर रोख की खात्यातून हे नमूद केलेले असावे;
- गाडीचे कर बीजक, विक्री प्रमाणपत्र (फॉर्म २१) आणि उत्पादकाचे प्रमाणपत्र (फॉर्म २२);
- विमा पॉलिसी. नव्या कारसाठी तृतीय पक्ष विमा ३ वर्षांचा असतो. विमा शोरूममधूनच घ्यावा असे बंधन नाही.

पैसे फक्त शोरूमच्या रोखपालाकडे किंवा शोरूमच्या नावावरील खात्यातच भरावेत. विक्री प्रतिनिधीच्या हातात किंवा त्याच्या वैयक्तिक यूपीआयवर रक्कम देऊ नये. कच्च्या चिठ्ठीवर दिलेले पैसे नंतर सिद्ध करणे कठीण जाते.

चारचाकी घेतल्यास योजनेचा लाभ बंद होतो का?

हे योजनेच्या अटींवर अवलंबून आहे. काही उदाहरणे:

- *मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना (महाराष्ट्र):* कुटुंबातील सदस्याच्या नावावर चारचाकी नोंदणीकृत असल्यास महिला अपात्र ठरते. ट्रॅक्टर याला अपवाद आहे.
- *प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण):* मोटार असलेले तीनचाकी किंवा चारचाकी वाहन असलेले कुटुंब अपात्र ठरते.
- *केशरी शिधापत्रिका (महाराष्ट्र):* कुटुंबाकडे चारचाकी यांत्रिक वाहन नसावे अशी अट आहे. टॅक्सीचालकांना सूट आहे.
- *कलैञर मगळिर उरिमै योजना (तमिळनाडू):* स्वतःची चारचाकी असलेल्या कुटुंबातील महिला अपात्र ठरते.
- *पीएम-किसान:* वाहनाची अट नाही. मात्र मागील कर निर्धारण वर्षात आयकर भरलेली व्यक्ती अपात्र असते.

पैसे रोख दिल्याने गाडीची नोंद लपत नाही. नोंदणी होताच मालकाचे नाव परिवहन विभागाच्या नोंदीत येते आणि योजनांची पडताळणी या नोंदींवरून करता येते. मासिक लाभ, घरकुल किंवा शिधा बंद झाल्यास घरखर्चावर काय परिणाम होईल, याचा हिशेब बुकिंगपूर्वीच करावा. अपात्र ठरत असल्यास संबंधित कार्यालयाला स्वतःहून कळवावे.

तक्रार कोठे करावी?

शोरूमने पावती नाकारल्यास, बुकिंगची रक्कम परत न केल्यास किंवा न मागितलेल्या वस्तूंचे पैसे लावल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर संपर्क साधावा. मोबदला ५० लाख रुपयांपर्यंत असलेल्या व्यवहाराची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे करता येते. तक्रारीसोबत पावत्या आणि बँकेतील नोंद जोडावी.